इंग्रजी क्रियापदाचा काळ आणि मराठी विद्यार्थी

रायपूर शहरात ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेला तेलीबांधा नावाचा एक जुना तलाव असून त्याच्याच नावाने भोवतालची वस्तीही ओळखली जाते. हाच रस्ता पश्चिमेकडे दुर्ग आणि राजनांदगाव या शहरांवरून सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपूरला जातो. या दोन शहरांचा संबंध केवळ रस्त्याचा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची सेना छत्तीसगढात उतरली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत होता. या दीर्घ सहवासात अनेक मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली. अशा कुटुंबातील मुलाच्या कानावर घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी पडत असते. परीक्षेच्या खोलीत मात्र त्याच्यासमोर चौथी भाषा येते, आणि ती म्हणजे इंग्रजी.

समजा, तेलीबांध्यातील अशाच एका घरातील विद्यार्थी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेला बसला आहे. या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात अलीकडच्या वर्षांत १०० प्रश्न असतात व त्यांपैकी २५ इंग्रजीचे असतात. प्रत्येक बरोबर उत्तरास २ गुण मिळतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. विद्यार्थ्यापुढे पुढील वाक्य येते : ‘आय — टु द मार्केट यस्टरडे.’ रिकाम्या जागेसाठी चार पर्याय दिले आहेत : ‘गो’, ‘हॅव गॉन’, ‘वेंट’ आणि ‘हॅड गॉन’. विद्यार्थी मनातल्या मनात ‘मी काल बाजारात गेलो होतो’ असे म्हणतो आणि ‘हॅड गॉन’वर खूण करतो. बरोबर उत्तर ‘वेंट’ हे असते. या एका खुणेने बरोबर उत्तर आणि त्याचे उत्तर यांत अडीच गुणांचे अंतर पडते. अशा पाच प्रश्नांत ते साडेबारा गुणांचे होते.

ही चूक निष्काळजीपणाची नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थ्याने नियम धाब्यावर बसवला नाही. उलट आपल्या भाषेतील वाक्याचे त्याने अगदी इमानाने भाषांतर केले. हिंदीत ‘मैं कल बाज़ार गया था’ असेच म्हणतात. छत्तीसगढीत ‘मैं बजार गे रहेंव’ असे म्हणतात. त्याला अवगत असलेल्या तिन्ही भाषांनी एकच साक्ष दिली आणि तिघींच्या साक्षीवर विसंबून तो फसला. तेव्हा प्रश्न असा उरतो, की मराठी भाषकाच्या मनातील कोणत्या सवयी इंग्रजीत उपयोगी पडत नाहीत, आणि त्या ओळखून योग्य रूप कसे निवडावे.

‘काळ’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत घड्याळात व पंचांगात मोजला जातो तो काळ, आणि क्रियापदाच्या रूपाला व्याकरणात दिलेले नावही काळच. इंग्रजीत पहिल्यास ‘टाइम’ व दुसऱ्यास ‘टेन्स’ असे दोन निराळे शब्द आहेत. शब्द एक असल्यामुळे या दोन गोष्टीही एकच असाव्यात, असा समज सहज होतो. वास्तविक मराठी माणूस रोजच्या बोलण्यात त्या वेगळ्या ठेवीत असतो. दारातून कोणी हाक मारली, की आतला माणूस जागचा न हलता ‘आलो, आलो!’ असे उत्तर देतो. रूप भूतकाळाचे, पण येणे अजून घडायचे आहे. इंग्रजीत याच ठिकाणी चालू वर्तमानकाळाचे रूप येते, ‘आय अ‍ॅम कमिंग’. यावरून असे दिसते, की कोणत्या वेळेसाठी कोणते रूप वापरावे हा प्रत्येक भाषेचा स्वतंत्र संकेत असतो.

गोंधळाचे दुसरे कारण शालेय व्याकरणातील कोष्टक हे होय. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळापासून इंग्रजी व्याकरणाची मांडणी मराठी व्याकरणकारांच्या नजरेसमोर राहिली. आजच्या शालेय पुस्तकांत वर्तमान, भूत व भविष्य या प्रत्येक काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार सांगितलेले असतात. म्हणजे एकूण १२ रूपे झाली. इंग्रजीच्या पुस्तकातही सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस अशी चार घरे तिन्ही काळांना लावून १२ रूपे होतात. संख्या जुळल्यामुळे विद्यार्थी एक कोष्टक दुसऱ्यावर ठेवतो आणि घरास घर लावू लागतो. परंतु चौथ्या घरापाशीच हा हिशेब चुकतो. ‘मी रोज तलावावर फिरायला जात असतो’ हे रीतीचे वाक्य केवळ सवय सांगते, आणि इंग्रजी सवय सांगण्यासाठी साध्या वर्तमानकाळाचे रूप वापरते. परफेक्ट कंटिन्युअसचे काम अगदी वेगळे आहे. पूर्वी सुरू झालेली व मधल्या काळात चालत राहिलेली क्रिया ते रूप दाखवते. मांडणी उसनी घेता येते. भाषेचा व्यवहार उसना घेता येत नाही.

‘गेलो होतो’

तिसऱ्या घरातील चूक अधिक सूक्ष्म असून तीच सर्वांत अधिक वेळा घडते. ‘तो नागपूरला गेला’ या मराठी वाक्यावरून तो अजून तिकडेच असावा असे वाटते. ‘तो नागपूरला गेला होता’ असे म्हटले, की तो जाऊन परत आला, ती गोष्ट आता मागे पडली, असा बोध होतो. घडलेली गोष्ट आजपासून तोडून दूर ठेवण्याचे काम येथे ‘होता’ हे रूप करते. त्यासाठी एकच घटना पुरेशी असते.

इंग्रजी ‘हॅड’ला मात्र दोन घटना लागतात. दोन्ही भूतकाळातल्या असतात आणि त्यांपैकी आधी घडलेली कोणती, हे ‘हॅड’ दाखवते. ‘व्हेन वुई रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ या वाक्यात स्थानकावर पोहोचणे ही एक घटना व गाडी सुटणे ही तिच्याही आधीची दुसरी घटना आहे. बाजाराच्या वाक्यात जाण्याची एकच घटना आहे. ‘यस्टरडे’ ही घटना नव्हे, तो केवळ दिवस आहे. म्हणून तेथे ‘हॅड’ला आधार उरत नाही. ‘हॅड’ असलेला पर्याय निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने दुसरी घटना शोधावी. ती त्याच वाक्यात, मागच्या वाक्यात किंवा ‘बाय’ या शब्दाने दाखवलेल्या एखाद्या गत क्षणात सापडली पाहिजे. ती कोठेच सापडत नसेल, तर तो पर्याय सोडून द्यावा.

‘गेलो आहे’

‘मी हे पुस्तक गेल्या वर्षी वाचले आहे’ हे मराठी वाक्य कोणाही मराठी माणसाला खटकत नाही. मराठीतील ‘आहे’ वाचण्याचे फळ आज शिल्लक असल्याचे सांगते आणि शेजारी ‘गेल्या वर्षी’ असली तरी कुरकुर करीत नाही. इंग्रजीत ‘हॅव रेड’ आणि ‘लास्ट इयर’ एकत्र नांदत नाहीत. प्रेझेंट परफेक्ट हे नावाप्रमाणेच वर्तमानाचे रूप आहे. ज्या काळाचे दार बंद झाले, त्याचा नामनिर्देश ते सहन करीत नाही. म्हणून ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’ किंवा ‘इन १९५६’ असा शब्द दिसला, की साधा भूतकाळ घ्यावा.

‘धिस मॉर्निंग’सारख्या शब्दांबाबत मात्र थोडा विचार करावा लागतो. सकाळी दहा वाजता बोलणाऱ्याची सकाळ अजून संपलेली नसते. त्याला ‘हॅव’ वापरता येते. सायंकाळी बोलणाऱ्याची ती संपलेली असते. त्याला साधा भूतकाळच हवा. शब्द एकच असूनही बोलणारा कोठे उभा आहे त्यावर उत्तर बदलते.

‘पासून’

‘मी दहा वर्षांपासून रायपुरात राहतो’ या वाक्याचे शब्दशः भाषांतर ‘आय लिव्ह इन रायपूर सिन्स टेन इयर्स’ असे होते आणि त्यात एकदम दोन चुका होतात. पहिली क्रियापदाची. मराठीत येथे वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीला मागे सुरू होऊन आजला टेकलेला काळ दाखवण्यासाठी ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे रूप लागते. दुसरी चूक ‘पासून’ या शब्दाची. मराठी ‘पासून’ आरंभाचा बिंदू व मधली लांबी या दोहोंना चालतो. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’ लागतो. म्हणून ‘सिन्स २०१५’, पण ‘फॉर टेन इयर्स’.

तथापि, ‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ घ्यावा, असा सोपा नियम करणेही धोक्याचे आहे. १९०० साली रायपूर ते धमतरी अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि तेलीबांधा हे तिच्यावरील एक स्थानक होते. २००० साली त्या रेल्वेविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्याला ‘द ट्रेन हॅज रन फॉर अ हंड्रेड इयर्स’ असे लिहिता आले असते, कारण तेव्हा ती धावत होती. आता ती गाडी तेलीबांध्यातून जात नाही. शहरातील तिच्या मार्गाची जागा रस्त्याने घेतली आहे. म्हणून आज ‘द ट्रेन रॅन फॉर मोअर दॅन अ हंड्रेड इयर्स’ असे लिहावे लागेल. ‘फॉर’ दोन्ही वाक्यांत आहे. तो काळ आजपर्यंत पोहोचतो की मध्येच संपला, एवढ्याच गोष्टीने क्रियापद बदलले.

जोडवाक्यातील काळ

‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ या वाक्यात मराठीने दोन्हीकडे भविष्यकाळ योजला आहे. ‘पाऊस आला तर तलाव भरेल’ यात पहिल्या भागात भूतकाळाचे रूप आहे. इंग्रजी दोन्ही ठिकाणी पहिल्या भागात वर्तमानकाळ घेते : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’ आणि ‘इफ इट रेन्स, द टँक विल फिल’. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अनटिल’, ‘बिफोर’ यांनी सुरू होणारा आणि वेळ किंवा अट सांगणारा उपवाक्याचा भाग साधारणपणे ‘विल’ घेत नाही. मात्र ‘आय डू नॉट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तेथे ‘व्हेन’ वेळेची मर्यादा घालीत नाही, तो ‘केव्हा’ असा प्रश्न विचारतो. या दोहोंतील फरक परीक्षक मुद्दाम पारखतात.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘त्याने सांगितले की आई आजारी आहे’ असे म्हणताना मराठी मूळ वक्त्याचा वर्तमानकाळ जसाच्या तसा ठेवते. इंग्रजी ‘सेड’ या भूतकाळाबरोबर पुढचे क्रियापदही मागे ओढते : ‘ही सेड दॅट हिज मदर वॉज इल’. सूर्य पूर्वेस उगवतो यासारखे सार्वकालिक सत्य असेल, तर वर्तमानकाळ तसाच राहू शकतो.

याच्याच जोडीला एक लहान सूचना आवश्यक आहे. ‘मला आता समजते आहे’ या वाक्यावरून ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ असे रूप सुचते. परंतु जाणणे, मानणे, मालकीचे असणे या अर्थाची ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’, ‘बिलाँग’ ही क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. ‘हॅव’ मालकीच्या अर्थी ‘हॅविंग’ होत नाही; जेवणे या अर्थी मात्र ‘ही इज हॅविंग लंच’ हे वाक्य योग्य आहे.

उत्तर शोधण्याचा क्रम

वरील विवेचनावरून असे दिसेल, की रिकाम्या जागेचे उत्तर रिकाम्या जागेत नसते. ते वाक्याच्या उरलेल्या भागात असते. म्हणून पर्याय वाचण्यापूर्वी आणि मराठीत भाषांतर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने वाक्याला क्रमाने चार प्रश्न विचारावेत. संपलेल्या काळाचा नामनिर्देश वाक्यात आहे काय? भूतकाळातील दुसरी घटना किंवा दुसरा क्षण आहे काय? सांगितलेला काळ आजपर्यंत येऊन पोहोचतो काय? आणि शेवटी, हा भाग वेळ किंवा अट सांगणाऱ्या शब्दाने किंवा ‘सेड’सारख्या क्रियापदाने दुसऱ्या भागाला बांधलेला आहे काय?

रायपूरच्या इतिहासातील तीन वाक्यांवर हा क्रम पडताळून पाहता येतो. पहिले वाक्य असे : ‘इन १९५६ रायपूर — अ पार्ट ऑफ द न्यू स्टेट ऑफ मध्य प्रदेश.’ येथे साल दिलेले आहे, ते संपलेले आहे, दुसरी घटना नाही. म्हणून उत्तर ‘बिकेम’. दुसरे वाक्य : ‘रायपूर — द कॅपिटल ऑफ छत्तीसगढ सिन्स २०००.’ छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर आजही त्याची राजधानी आहे. सालाचा आकडा येथेही आहे, पण ‘सिन्स’मुळे तो केवळ आरंभबिंदू ठरतो आणि काळ आजला येऊन मिळतो. म्हणून उत्तर ‘हॅज बीन’. तिसरे वाक्य : ‘बाय द टाइम भोपाळ बिकेम द कॅपिटल इन १९५६, नागपूर — द कॅपिटल फॉर मोअर दॅन नाइंटी इयर्स.’ येथे भोपाळ राजधानी होणे ही एक घटना आहे आणि नागपूरचे राजधानीपद तिच्या आधीचे आहे. १८६१ पासून मोजल्यास ती वर्षे ९५ भरतात. म्हणून उत्तर ‘हॅड बीन’. तिसऱ्या वाक्यात ‘१९५६’ आणि ‘फॉर’ हे दोन्ही शब्द आहेत. केवळ खुणेचे शब्द पाठ केलेला विद्यार्थी येथे पहिला शब्द पाहून एक उत्तर देईल आणि दुसरा पाहून दुसरे. वाक्यातील घटनांचा क्रम मनाशी मांडणारा मात्र गोंधळणार नाही.

नियमांच्या मर्यादा

हे नियम गणिताच्या सूत्राप्रमाणे सर्वत्र सारखे चालतात, असे समजणे योग्य होणार नाही. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ हे शब्द घटनांचा क्रम स्वतःच सांगत असल्यामुळे त्यांच्याबरोबर ‘हॅड’ न वापरता साधा भूतकाळ वापरला, तरी इंग्रजीत ते चूक मानले जात नाही. ‘जस्ट’ व ‘ऑलरेडी’ यांच्याबरोबर ब्रिटिश लेखनात बहुधा ‘हॅव’ येतो. अमेरिकेत साधा भूतकाळही सर्रास वापरतात. भारतातील परीक्षांचे प्रश्न बव्हंशी ब्रिटिश परिपाठाला धरून असतात. तेव्हा दोन पर्याय सारखेच योग्य वाटल्यास विद्यार्थ्याने जुन्या पाठ्यपुस्तकी संकेताला जवळचा पर्याय घेणे शहाणपणाचे ठरते. ज्या वाक्यात एकही खूण हाती लागत नाही, तेथे प्रश्न मोकळा सोडणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, कारण चुकीच्या उत्तराला किंमत द्यावी लागते.

शिकवणाऱ्यांनीही एका गोष्टीचा विचार करणे इष्ट आहे. ‘हॅड गॉन’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत तांबडी फुली मारल्याने त्याला एवढेच कळते, की आपण चुकलो. आपले मराठी वाक्य बरोबर होते आणि तरीही त्याचे भाषांतर चुकले, हे त्या फुलीतून कळत नाही. परिणामी पुढच्या वेळी तो पुन्हा त्याच विश्वासाने तेच रूप लिहितो, किंवा आपल्याला इंग्रजी यायचेच नाही असे समजून तो विषय सोडून देतो. दुसरी गोष्ट अधिक हानिकारक आहे, कारण तेथे अडीच गुणांऐवजी एक संपूर्ण वाट बंद होते. याउलट ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यांतील फरक त्याच्याच भाषेतून त्याला आधी समजावून दिला, तर इंग्रजीचा फरक त्याला परका वाटत नाही. जो मुलगा ‘तो नागपूरला गेला’ आणि ‘तो नागपूरला गेला होता’ यांतून माणूस घरी परतला की नाही हे न शिकवता ओळखतो, त्याच्याजवळ काळाची जाण भरपूर आहे. ती जाण कोणत्या रूपात घालायची, एवढेच त्याला नव्याने शिकायचे असते.